खैरटोला मुक्कामी

१ जानेवारी १९९९

पतसंस्थेने यंदा सभासदांना डायरी दिली. निळ्या रेक्झिनचं कव्हर आहे. मागच्या वर्षीचा स्टीलचा डबा बायको साधनाने नागभीडला नेला, पण डायरी मी इथे चंद्रपूरच्या खोलीवरच ठेवून घेतली. तिचा उपयोग ठरलेला आहे. ‘प्रवाशांचे सौजन्य कुठे गेले?’ असा लेख मला लिहायचा आहे. इथल्या एका साप्ताहिकाचे संपादक अधूनमधून माझ्या गाडीने मूल गावाला जातात. त्यांनी छापायचं कबूल केलं आहे. रोजची उदाहरणं टिपून ठेवली की लेख आपोआप होईल.

मी एसटीत वाहक असल्याने हा विषय मांडायचा मला अधिकार आहे. गेल्या सौजन्य सप्ताहात आदर्श वाहकाचं प्रशस्तिपत्र मला मिळालं, ते भिंतीवर लावलेलं आहे.

बदलीचा अर्ज आज पुन्हा दिला. ब्रह्मपुरीच्या डेपोत गेलो की नागभीडच्या घरी रोज जेवायला पोचता येईल. आईला आता दिसत नाही. साधना एकटी किती करणार? मॅनेजर साहेब म्हणाले, “यादी मार्चअखेर निघते. तोवर रेकॉर्ड स्वच्छ ठेवा, बावणे.” माझं रेकॉर्ड स्वच्छच आहे.

४ जानेवारी

दुपारी निघून मूल, पोंभुर्णा करत दिवस मावळताना खैरटोल्याला पोचायचं, गाडी तिथेच ठेवून मुक्काम करायचा आणि सकाळी परत. दोन वर्षं हीच ड्यूटी आहे.

बांबू तोडणारे मजूर यंदाही आले. छत्तीसगडकडचे. बायका-पोरं, पातेली, गाठोडी, एकाच्या हातात कोंबडी. पोंभुर्ण्याला चढले. आपल्याकडे खिडकीतून दुपट्टा टाकला की ती जागा त्या माणसाची झाली, हे लहान मूलही जाणतं. यांना ते ठाऊक नाही. खैरटोल्याच्या निकेशच्या दुपट्ट्यावर त्यांच्यातला एक जण बसला. निकेशने त्याची कॉलर धरून उठवलं. तो काही न बोलता उठला, दुपट्टा झटकून घडी करून निकेशच्या हातात दिला आणि खाली पातेल्यांजवळ जाऊन बसला. या लोकांना साधी रीतभात शिकवायला कोणी नाही.

निकेश आणि त्याचे मित्र मागच्या बाकावर बिड्या ओढत होते. मी बोललो नाही. आपलीच पोरं आहेत, चार महिने हे लोक बघून बघून तीही बिघडतात.

लेखासाठी मुद्दा: बाहेरून माणसं आली की गावाचं वळण मोडतं.

९ जानेवारी

मुश्ताकभाईंचे रोजे चालू आहेत. चालक म्हणून असा माणूस मिळणं भाग्याचं. गाडी हाकतात, पण पोटातलं पाणी हलत नाही. संध्याकाळी जंगलातल्या वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, खजूर तोंडात टाकला, पाणी प्याले. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “अरे ओ, नमाज पढायले उतरला का ड्रायव्हर?” आणि हशा झाला. बोलणारा दिसला नाही, पण असं बोलायची रीत आपल्याकडे नाही, त्यावरून काय ते समजावं.

मुश्ताकभाईंनी आरशात एकदा पाहिलं आणि गिअर टाकला. खाली बसलेल्या मजुरांपैकी एका बाईने आपल्या पोराला गप्प केलं होतं, तेवढ्यापुरती ती माणसं शांत होती.

जेवण सरपंच नानाजींकडे. मुक्कामी गाडीच्या माणसांना गावाने जेवू घालायचं, हा खैरटोल्याचा जुना रिवाज. मुश्ताकभाई गाडीतच डबा खातात. नानाजी म्हणाले, “आमच्या गावात आधी कोणी कोणाले अरे म्हणत नव्हतं जी. हे आले न सारं गेलं.” मी लेखाचं सांगितलं. ते म्हणाले, “लिवा. तुमच्यासारखं माणूस लिवन तं लोक ऐकतीन.”

११ जानेवारी

वक्तशीरपणा हेही सौजन्यच आहे. म्हातारी माणसं उतरताना फार वेळ लावतात, पायरीवर उभं राहून पिशव्या मोजत बसतात. ओरडण्यापेक्षा माझी पद्धत बरी. छतालगतच्या दोरीवर हात ठेवून उभं राहायचं. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे सगळ्यांना माहीत आहे. दोरीवरचा हात दिसला की माणसं आपोआप लगबग करतात. तोंडातून एक शब्द काढावा लागत नाही.

१३ जानेवारी

आज वाईट झालं. नीट आठवून लिहितो.

खैरटोल्याच्या फाट्यावर गाडी थांबली. उतरणारे बरेच होते. त्या मजुरांतला इतवारी नावाचा माणूस, तोच तो दुपट्ट्यावर बसलेला, दारात दोन गाठोडी अडवून उभा. मी सामानाचं तिकीट मागत होतो, तो हात जोडून काहीतरी सांगत होता. मी त्याला म्हणालो, अरे तुला कळतं का, आधी उतर नाहीतर बाजूला हो. त्याच्यापुढे गुणाबाई उतरत होती. निकेशची आजी. पोंभुर्ण्याच्या बाजारातून संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आलेली. उशीर झाला होता. दोन घंट्या झाल्या. गाडी हलली आणि गुणाबाई खाली पडली.

मी वळून पाहिलं तेव्हा इतवारीचा हात तिच्या दंडाला होता. तोही तिच्यासोबत रस्त्यावर गेला. मुश्ताकभाईंनी लगेच ब्रेक मारला. तिळगूळ सगळ्या डांबरावर.

निकेश ओरडला, “यानं धक्का देल्ला माह्या आजीले.” मग लोक धावले. इतवारीच्या डोक्यातून रक्त येत होतं, ते पडल्याचं की नंतरचं ते सांगता येत नाही. नानाजींनी मला विचारलं, “कंडक्टरभाऊ, तुमी पायलं ना?” सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली.

म्हातारीचा पाय मोडला आहे. ती बेशुद्ध होती, तशीच त्याच गाडीने तिला चंद्रपूरला आणलं.

१४ जानेवारी

ठाण्यात जबाब झाला. हवालदारांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिलं: परप्रांतीय इसमाने उतरण्याच्या घाईत वृद्धेस ढकलले. मी ‘ढकलले’ असं म्हटलं नव्हतं. हात दंडाला होता, असं म्हटलं होतं. पण वाचून दाखवल्यावर ते बरोबरच वाटलं. सही केली. इतवारी कोपऱ्यात उकिडवा बसला होता, डोक्याला फडकं. मला बघून त्याने हात जोडले. काय मागत होता कोण जाणे.

हवालदारांनी तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाले.

१७ जानेवारी

डेपोतून चौकशीची नोटीस. मला आणि मुश्ताकभाईंना वेगवेगळं बोलावलं आहे.

आज वाटेत मूलला गाडी रिकामी झाली तेव्हा मी त्यांच्या केबिनच्या जाळीपाशी गेलो. काय सांगणार आहात, असं सहज विचारलं. ते काचेवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, “सोच बावणे. घंटी ऐकली नाई म्हटलं, तर मी बिनघंटीचा निघालो. नोकरी माझी जाते. ऐकली म्हटलं, तर तुझी.”

“आणि त्या माणसानं ढकललं असेल तर?”

“मंग आपण दोघंही वाचतो,” ते म्हणाले. “तोच तर वांधा आहे.”

यात वांधा काय, हे मला कळलं नाही. जे झालं ते झालं. मी म्हणालो, तुम्हाला तीन मुली आहेत मुश्ताकभाई, विचार करून बोला. ते चांगल्या मनानेच म्हटलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. मोठ्या माणसाने उत्तर न देणं हेही असभ्यच, पण उपवासाने चिडचिड होते.

१९ जानेवारी

चौकशी झाली. मुश्ताकभाईंनी सांगितलं, घंट्या दोन ऐकल्या, मागे दारात काय झालं ते दिसलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. माझा जबाब पोलिसांकडच्यासारखाच. साहेब म्हणाले, “आता काळजी नको. ठाण्याचा कागद आहे आणि गाव तुमच्या बाजूने आहे.”

इतवारीला बांबूच्या ठेकेदाराने सोडवून नेलं, असं कळलं.

२० जानेवारी

ईद. दरवर्षीप्रमाणे मुश्ताकभाईंकडे गेलो. साबिरा भाभींनी शिरखुर्मा दिला, आईची विचारपूस केली. मुश्ताकभाई गळा भेटले, पण मी निघेपर्यंत आत कोणाशी तरी बोलत राहिले. वाटी संपवून मी एकटाच बसलो होतो. समोर घड्याळ होतं.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर खैरटोल्याच्या शाळेत माझा सत्कार झाला. मी खूप नको म्हटलं. नानाजींनी भाषण केलं: कंडक्टरभाऊंनी खरं सांगितलं म्हणून गावच्या म्हातारीला न्याय मिळाला, बाहेरच्यांपुढे कोणीतरी उभं राहिलं. शाल, नारळ. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मलाही दोन शब्द बोलायला सांगितले. सौजन्यावर बोललो. लेखाची सुरुवात पाठच होती.

मग नानाजींनी ठराव वाचला. यापुढे बांबूवाल्यांनी मुक्कामी गाडीत चढायचं नाही. मी म्हणालो, तिकीट काढणाऱ्याला मला नाही म्हणता येत नाही, नियम आहे. निकेश हसून म्हणाला, “तुमी नोका म्हणू जी. आमी आहोत ना दारात.”

दुसरा ठराव माझ्याविषयी होता. या गाडीवर हाच वाहक कायम ठेवावा, अशी गावाची डेपोला विनंती. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हणणार होतो की माझी बदली व्हायची आहे. पण अंगावर शाल होती आणि सगळे इतके खूश होते.

मुश्ताकभाई शाळेत आले नाहीत. गाडीचं पाणी बघत होते.

२ फेब्रुवारी

मजूर आता चालत जातात. पोंभुर्ण्यापासून जंगलातून, डोक्यावर पातेली घेऊन. आज त्यांच्याजवळ पोचताच मुश्ताकभाईंनी गाडी थांबवली. मी घंटी दिली नव्हती. निकेश दारात उभा राहिला. आतून आवाज सुरू झाले, चला, चला, काऊन थांबले? मी म्हणालो, मुश्ताकभाई, इथे थांबा नाही. ते म्हणाले, “थांबा नाई, पण माणसं आहेत.” इंजिन चालू ठेवून ते तसेच बसले. कोणीतरी त्यांना म्हणालं, मियाँ, तुम्ही आपले आहा म्हणून ऐकतो, नाहीतर. पुढचं बोललं नाही.

शेवटी इतवारीनेच हात हलवून खूण केली, जाओ, जाओ. पट्टी अजून डोक्यावर होती. ती माणसं रस्ता सोडून झाडीत उभी राहिली. आम्ही निघालो.

मुश्ताकभाई आता एक नवीन करतात. मी दोन घंट्या दिल्या तरी निघत नाहीत. आधी मान मागे वळवून मोठ्याने विचारतात, “उतरले का सगळे?” कोणी प्रवासी हो म्हणाला की मगच क्लच सोडतात. सगळ्या गाडीसमोर. मग माझी घंटी कशाला आहे? इतक्या वर्षांच्या सोबत्याने असं करावं, हा उद्धटपणा नाही तर काय? लेखात घालता येणार नाही, पण टिपून ठेवतो.

१० फेब्रुवारी

गुणाबाईला दवाखान्यात भेटून आलो. केळी नेली. पायाला प्लास्टर, पण जीभ शाबूत. मला बघून आनंद झाला तिला. म्हणाली, “एक पाय खाली ठेवला न गाडी हालली. त्या पोरानं दंड धरला म्हणून डोक्शावर नाई पडली. माही बांगडी त्याच्या हातात घुसली, रगत आलं.” मग म्हणाली, “त्याले घेऊन या ना जी एकदा. पोट्टे त्याले मारतेत म्हणते. नानाजीले तुमी सांगा. तुमचं ऐकते गाव.”

निकेश खाटेपाशीच होता. तो म्हणाला, आजी बेशुद्ध होती, तिला काय समजतं. मला बाहेर सोडायला आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बुढीचं मनावर नोका घेऊ, बावणेभाऊ. तुमी पायलं ना. तुमी पायलं तेच खरं.”

तापाने आणि औषधांनी म्हातारी माणसं भ्रमतात. माझी आईही कधीकधी मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारते. पण बांगडीचं ती कसं काय बोलली? त्या दिवशी रस्त्यावर काच होती खरी.

११ फेब्रुवारी

लेख लिहायला बसलो. पहिला परिच्छेद झाला. पुढे गेलं नाही.

२३ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. मला वाटलं यादीचं असेल. टेबलावर खैरटोल्याचा ठराव होता, अंगठ्यांसकट. साहेब खूश होते. म्हणाले, “गाव वाहकासाठी अर्ज करतं हे मी पहिल्यांदा पाहतोय. एरवी तक्रारीच येतात. वरच्या ऑफिसने शेरा मारलाय, लोकभावना लक्षात घेता बदली करू नये.” मी आईचं सांगितलं. नागभीडचं सांगितलं. ते म्हणाले, “बावणे, काही तक्रार असती, कसूर असती, तर तुम्हाला त्या मार्गावरून हलवणं माझ्या हातात होतं. चांगल्या माणसाला कसं हलवू?”

मी खुर्चीत बसून राहिलो. एक वाक्य बोललं असतं तर त्या मार्गावरून हटलो असतो. पण मग नोकरीवरूनही. साहेबांनी चहा मागवला.

२४ फेब्रुवारी

साधनाला पोस्टातून फोन लावला. शेजाऱ्यांनी बोलावून आणलं तिला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण तुमी त्याले ढकलतानी पायलं का?” मी म्हणालो, आता तो प्रश्न राहिलेला नाही. ती म्हणाली, “मंग ठीक.” आणि आईला घास भरवायचा आहे म्हणून फोन ठेवला. बायकोने असा मधेच फोन ठेवू नये.

१२ मार्च

बांबूवाले गेले. ठेकेदाराने ट्रक लावला आणि काम अर्धं टाकून त्यांना दुसरीकडे हलवलं. खैरटोल्याच्या फाट्यावर त्यांच्या चुलींचे दगड तेवढे राहिलेत.

आता तरी गाडीत शिस्त येईल.

१९ मार्च

आली नाही. आज मागच्या बाकावर पत्ते चालले होते. मी तिकीट मागितलं तर निकेशचा एक मित्र म्हणाला, “गाववाल्यालेच तिकीट मागता? आमच्याचमुळं तं आहा तुमी इथी.” सगळे हसले. मीही हसलो. एका पोरीला जागेवरून उठवून तिथे दुपट्टा टाकला गेला. मास्तरीणबाईंच्या अंगावर खिडकीतून पिंक उडाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नानाजींना जेवताना हळूच सांगितलं. ते विचार करून म्हणाले की हे बाजूच्या टोल्यावरच्या, त्या लहान वस्तीतल्या पोरांमुळे होत असेल. ते मुळात आपले नाहीत, नानाजींच्या आज्याच्या वेळी कुठून तरी आलेले. मी मान हलवली. मग त्यांनी सहज विचारलं, “तुमचं मूळ तं नागभीडकडचं ना जी?”

हातातला घास ताटात ठेवला. पाणी प्यालो.

३० मार्च

काल यादी निघाली. माझं नाव नाही, नसणार हे माहीतच होतं. तरी वरपासून खालपर्यंत वाचली.

आज पोंभुर्ण्याला गुणाबाई चढली. प्लास्टर काढून पोंभुर्ण्याला लेकीकडे राहिली होती, आता घरी निघालेली. हातात काठी, सोबत निकेश. मी स्वतः पुढची जागा रिकामी करवून तिला बसवलं. गाडीत सगळा खैरटोलाच होता. तिने वाटभर विचारपूस केली, आईला दिसतं का, औषध कोणतं. मी उत्तरं दिली. खरं तर गेल्या दोन महिन्यांत गाडीत माझ्याशी इतकं नीट कोणी बोललं नव्हतं.

फाट्यावर गाडी थांबली. निकेश आधी उडी मारून उतरला, मित्र भेटले तसा तिकडे गेला. गुणाबाई काठी टेकत दारापर्यंत आली. पहिल्या पायरीवर थांबली. खाली पाहिलं, मग वर पाहिलं. पाय पुढे टाकेना. मागचे लोक खोळंबले. मी म्हणालो, उतरा ना आजी, सावकाश.

ती म्हणाली, “तुमी दोरी सोडा जी आधी. मंग उतरीन मी.”

आवाज चढवला नव्हता. रागही नव्हता. पदराची गाठ सैल झाली आहे असं एखादीला सांगावं, तसं म्हणाली.

मी वर पाहिलं. माझा हात दोरीवर होता. मी तो कधी ठेवला, मला माहीत नव्हतं.

गाडीतले सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. नानाजींचा भाऊ होता, मास्तरीणबाई होत्या. आरशात मुश्ताकभाईंचे डोळे दिसले. त्यांनी इंजिन बंद केलं.

दोरी सोडायला वेळ लागला. बोटं आखडली होती.

मग गुणाबाई उतरली. एक पाय, काठी, दुसरा पाय. मागून बाकीचे सगळे तिथेच उतरले, माझ्याकडे न बघता. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून झाडीकडे बघत होती, जिथे ते चुलींचे दगड आहेत. मग हळूहळू गावाकडे चालू लागली.

मुक्कामाला गावातल्या शाळेपाशी न्यायची म्हणून मुश्ताकभाईंनी गाडी पुन्हा चालू केली. गाडीत आता आम्ही दोघंच. फाट्यापासून शाळेपर्यंतचा तेवढाच पल्ला. त्यांनी मागे वळून नेहमीसारखं विचारलं नाही, उतरले का सगळे. ते समोर बघत बसले होते, क्लचवर पाय ठेवून.

घंटीची वाट बघत होते. मी दारात उभा होतो आणि माझा हात वर जात नव्हता.